हिहोन ते सेविया: जुन्या एन-६३० रस्त्याने स्पेनच्या माळरानातून

स्पेन म्हटलं की आपल्याकडे बार्सिलोना, माद्रिद आणि समुद्र. पण आम्हाला मधला देश बघायचा होता. शेतं, कुरणं, मेंढ्या आणि निम्मी रिकामी झालेली गावं. याचं कारण माझे सासरे, अण्णा. माण तालुक्यात आख्खा जन्म कोरडवाहू शेती केलेला माणूस, त्यांना म्युझियमं दाखवून काय उपयोग, त्यांना माती दाखवायला हवी. नणंद माद्रिदला नोकरीला आहे, तिला स्पॅनिश छान येतं आणि ती तिथे गाडी चालवते, त्यामुळे ती, मी, नवरा आणि अण्णा असे चौघं निघालो.

नकाशा बघताना नणंदेने एन-६३० काढला. उत्तरेला समुद्रावर हिहोन, तिथून सरळ खाली सेवियापर्यंत, साधारण ८०० किमी. शेजारून ए-६६ हा नवा मोठा हायवे झालाय, त्यामुळे सगळे ट्रक आणि घाईवाले तिकडून जातात आणि जुना रस्ता जवळपास मोकळा. वाटेत कितीतरी ठिकाणी दोन्ही रस्ते एकमेकांच्या नजरेत असतात, तिकडे १२० ने गाड्या पळतायत आणि इकडे आपण ९० च्या लिमिटमध्ये, खरंतर ६०-७० नेच, खिडक्या उघड्या टाकून चाललोय. कुठेही थांबता येतं, प्रत्येक गावातून रस्ता जातो, आणि मुख्य म्हणजे बराचसा भाग जुन्या रोमन रस्त्याला आणि मेंढपाळांच्या वाटेला धरून जातो. हे कळल्यावर बाकी सगळे प्लॅन बाजूला पडले.

प्लॅनिंगमधल्या दोन-तीन गोष्टी आधीच सांगते. तारखा ठरवताना ईस्टर कधी आहे ते आधी बघा, ते दरवर्षी बदलतं. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सान्ता, तेव्हा सामोरा आणि सेवियाला मोठ्या मिरवणुका असतात, हॉटेलं भरलेली आणि रेट भलतेच. आम्ही ईस्टर उरकल्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातला काळ धरला. गाडी उत्तरेत घेऊन दक्षिणेत सोडायची तर वन-वे चार्ज वेगळा लागतो, तो धरूनच बजेट करा. आपल्या लायसनवर चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढावं लागतं, नवऱ्याने ते काढलं होतं. भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा मॅन्युअल असतात आणि स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताला, ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करा. आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर दिवसाला १५० किमीच्या वर जाऊ नका. रस्ता उत्तम असला तरी थांबण्यासारखं इतकं आहे की तेवढ्यातच दिवस संपतो.

शनिवार, हिहोन आणि ओव्हिएदो

माद्रिदहून ट्रेनने वर आलो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डोंगराखालचा नवा बोगदा सुरू झाल्यापासून हा प्रवास बराच पटकन होतो, पण आम्ही परत त्याच डोंगरावरून रस्त्याने येणार होतो म्हणून बोगद्याचं वाईट वाटलं नाही. गाडी ताब्यात घेतली, समुद्र बघितला, आणि लगेच आत वळलो.

आस्तुरियास हा प्रांत इतका हिरवा आणि ओला आहे की अण्णा म्हणाले, ‘हे स्पेन कुठलं, हे कोकणच की.’ गावागावात ओरेओ दिसतात, म्हणजे दगडी खांबांवर उचललेली लाकडी धान्याची कोठारं. खांब आणि कोठार यांच्यामध्ये एक सपाट रुंद दगड ठेवलेला असतो, उंदीर खांब चढून आला तरी त्या दगडाला उलटं चिकटून बाहेर येऊ शकत नाही. अण्णा एका ओरेओखाली बराच वेळ उभे होते, तो दगड हाताने चाचपून बघितला, किती इंच बाहेर आलाय तेही मापलं.

ओव्हिएदोच्या बाहेर नारान्को डोंगरावर सान्ता मारिया नावाची नवव्या शतकातली इमारत आहे, राजा रामिरो पहिला याने महाल म्हणून बांधलेली, पुढे चर्च झालं. छोटीशी आहे पण उतारावर अशी सरळ उभी आहे की बघत राहावं. संध्याकाळी सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, वाढपी बाटली डोक्याच्या वर धरून खाली मांडीजवळच्या ग्लासात धार सोडतो, हवा मिसळावी म्हणून. अण्णा घेत नाहीत पण धार बघायला मजा आली त्यांना.

रविवार, पाहारेसचा घाट

इथे मोठा हायवे टोलचा आहे आणि बोगद्यांतून जातो. आम्ही एन-६३० ने पाहारेस चढलो, १,३७८ मीटर. निघायच्या आधी डीजीटी, म्हणजे तिथल्या ट्रॅफिक खात्याच्या साईटवर घाट उघडा आहे का ते बघून घ्या, एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो. आम्हाला रस्ता कोरडा मिळाला पण आजूबाजूची शिखरं पांढरी होती.

या घाटासाठी आख्खी ट्रिप करावी असं माझं मत आहे. चढताना ढग, धुकं, बीच नावाच्या झाडांची जंगलं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि माथ्यावरून पलीकडे उतरायला लागलात की थोड्याच वेळात आभाळ मोकळं, गवत आखूड, माती पिवळट. सगळा पाऊस डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूलाच पडून जातो आणि मागे पठार कोरडं राहतं. आपण घाटमाथा ओलांडून माणदेशात उतरतो तेव्हा जे होतं तेच. अण्णांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, ते म्हणाले, ‘इथनं पुढं आपलं रान.’

माथ्याच्या जरा पुढे आर्बासचं जुनं दगडी चर्च आहे, रस्त्याला लागूनच. मुक्काम लेऑनला. तिथल्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा सुमारे १,८०० चौरस मीटर आहेत, दुपारनंतर ऊन आत आलं की जमिनीवर लाल-निळे पट्टे पडतात. तेवढं बघा, बाकी शहर फिरून होतं.

सोमवार, लेऑन ते सामोरा, व्हाया व्हियाफाफिला

गाईड लोक या पट्ट्याला ‘इथे काही नाही’ म्हणतात. गहू, बार्ली, सपाट जमीन, मातीच्या भिंतींचे कबुतरखाने, आणि गावात बाकावर बसलेली सत्तरीच्या पुढची माणसं. तरुण शहरात गेलेत, शाळा बंद पडल्यात, किराणा दुकान आठवड्यातून एकदा व्हॅनमधून येतं अशी गावं आहेत. एका गावात कॉफीला थांबलो तर बारमधल्या बाईंनी अण्णांना हात धरून बसवलं, कुठले, काय पिकवता, मुलं शेती करतात का, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोघांचं सारखंच होतं.

पुढे ग्रान्हा दे मोरेरुएलाच्या आसपास एन-६३० सोडून पूर्वेला व्हियाफाफिलाकडे वळलो. खारट पाण्याची उथळ तळी आहेत, पूर्वी इथे मीठ काढायचे. पण आम्ही गेलो होतो अवुतार्दासाठी. हा आपल्या माळढोकाचा नातलग. जगात हा पक्षी सगळ्यात जास्त संख्येने जिथे राहतो त्यातली ही एक जागा, आणि एप्रिल हा नरांच्या नाचाचा काळ. नर चांगला १०-१५ किलोचा असतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. तो मान मागे टाकतो, शेपूट पाठीवर घेतो, पंखांची पिसं उलटी करतो आणि बघता बघता आख्खा पांढरा गोळा होतो. हिरव्या गव्हात लांबवर असे पांढरे गोळे फुलत होते आणि मिटत होते. आम्ही गाडीतून उतरलो नाही, रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून दुर्बिणीतून बघितलं, तसंच बघायचं असतं, शेतात घुसायचं नाही.

मला इथे फार भरून आलं, खरं सांगते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं अभयारण्य केलं तेव्हा आपल्याकडेही हे होतं. आता आपले उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत आणि तेही दीडशेच्या आत. इथे शेतकरी त्याच रानात गहू पेरतायत, पडीक ठेवतायत, मेंढ्या चारतायत, आणि पक्षी त्यांच्यात राहतोय. माळ म्हणजे ओसाड जमीन, तिथे काहीतरी ‘विकास’ करायला हवा, असं आपण धरून चालतो, त्याची किंमत काय होते ते मला इथे दुर्बिणीतून दिसलं.

सामोरा शांत गाव आहे, दुएरो नदी, जुना पूल, आणि वीसहून जास्त रोमानेस्क, म्हणजे मध्ययुगातल्या गोल कमानींच्या शैलीतली चर्चेस. कॅथेड्रलच्या घुमटावर दगडाचे खवले आहेत, ते नदीपलीकडून बघा.

मंगळवार, सालामांका

अंतर कमी, ६५ किमी. १२१८ सालची युनिव्हर्सिटी, पिवळसर व्हियामायोर दगडाच्या इमारती, संध्याकाळच्या उन्हात सगळं शहर सोनेरी होतं. सुंदर आहे, पण याच्यावर सगळ्यांनी लिहिलंय. मी फक्त जेवणाचं सांगते.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूनाला बऱ्याच ठिकाणी मांसात धरतच नाहीत. फरसबीच्या भाजीतही हॅमचे तुकडे येतात, मसूरात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. एकेका गोष्टीचं नाव घेऊन नको म्हणा. दुपारी २ ते ४ मध्ये मेनू देल दिया मिळतो, ठरलेल्या पैशात पूर्ण जेवण, तेच मुख्य जेवण ठेवा. रात्रीचं किचन ९ च्या आधी फारसं उघडत नाही, वयस्कर माणसाला ते झेपत नाही, म्हणून आम्ही संध्याकाळी ब्रेड, टोमॅटो, चीज, फळं रूमवर आणून खायचो. दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी तर गावात काहीच मिळत नाही, शनिवारीच घेऊन ठेवा.

बुधवार, बेहार उतरून हेर्तेच्या खोऱ्यात

सालामांका सोडलं की हळूहळू झाडं सुरू होतात, आधी एखाद-दुसरं, मग लांबपर्यंत, पण दाटी कुठेच नाही. हे देएसा. एन्सिना म्हणजे सदाहरित ओक, अंतर ठेवून उभे, खाली गवत, गवतात काळी डुकरं, गाई, मेंढ्या. दिसायला नैसर्गिक वाटतं पण हे पिढ्यानपिढ्या माणसांनी घडवलेलं रान आहे. झाडं विरळ करायची, फांद्या छाटायच्या, खाली चराई ठेवायची, काही वर्षांनी एखादा तुकडा नांगरायचा. चराई थांबली तर पाच-दहा वर्षांत झुडपं माजतात आणि मग वणवा. डुकरं ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या काळात झाडाखाली पडलेली ओकची फळं खाऊन वाढतात, म्हणून तिथल्या हॅमला एवढा भाव.

बेहारच्या पुढे रस्ता उतरतो आणि एक्स्त्रेमादुरा प्रांत सुरू होतो. हवा एकदम उबदार. एर्वासच्या जुन्या ज्यू वस्तीत चेस्टनटच्या लाकडाची आणि मातीची घरं आहेत, गल्ल्या अरुंद, तासभर पायी फिरा. मग जरा आडवं जाऊन कापार्रा. हे रोमन गावाचे अवशेष, मधोमध चारही बाजूंनी उघडी कमान, आणि तिच्या खालून आजही सेवियाकडून उत्तरेला सान्तियागो या तीर्थक्षेत्राला चालत जाणारे यात्रेकरू पाठीवर सॅक घेऊन जातात.

दुपारनंतर प्लासेन्सियाहून एन-११० ने हेर्तेच्या खोऱ्यात गेलो. चेरीची झाडं डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर, लाखोंनी, आणि सगळी एकदम पांढरी. बहर जेमतेम दहा-पंधरा दिवस टिकतो, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही, थंडी कशी पडली त्यावर अवलंबून. खालच्या भागातला झडायला लागला होता पण तोर्नावाकासच्या बाजूला वर पूर्ण बहर मिळाला. उंचीप्रमाणे बहर वर सरकत जातो, म्हणून खाली संपला असला तरी वर जाऊन बघा.

गुरुवार, मोन्फ्राग्वे

प्लासेन्सियापासून अर्ध्या-पाऊण तासावर. २००७ पासून नॅशनल पार्क. ताहो नदीच्या पलीकडे सरळ उभा कडा, त्याला साल्तो देल हितानो म्हणतात, आणि त्यावर गिधाडं. शेकडो. सकाळी ऊन तापलं की एकेक उडतं, गरम हवेवर चढतं, कधीकधी आपल्या डोळ्यांच्या पातळीवरून जातं आणि पंखांतून वारा कापल्याचा आवाज येतो. काळं गिधाडही दिसलं, त्याचे पंख पसरले की जवळपास ३ मीटर. रस्त्याच्या कडेला मोफत थांबून हे सगळं दिसतं.

अण्णांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं यायची. मग ती दिसेनाशी झाली, जनावरांना द्यायचं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची किडनी निकामी व्हायची. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी ते बंद केलं, पण तोवर फार उशीर झाला होता. अण्णा कठड्याला धरून दोन तास बसले. ‘जेवायला चला’ म्हटलं तरी उठेनात.

शुक्रवार, कासेरेसकडे, आणि मेंढपाळ

आमच्यासाठी हा सगळ्यात मोठा दिवस. कान्याव्हेरालच्या पुढे एन-६३० अल्कान्ताराच्या धरणाच्या पाण्यावरून जातो, पाण्यात अर्धा बुडालेला फ्लोरिपेसचा बुरूज दिसतो. त्यानंतर मोकळं पठार, आणि तिथे रस्त्याच्या बाजूला मेरिनो मेंढ्यांचा कळप. अण्णा म्हणाले, थांबव.

मेंढपाळ साठीचे होते, बरोबर दोन मोठे मास्टिफ कुत्रे. नणंदेने सांगितलं, की माझे वडील शेतकरी आहेत, आमच्याकडे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याला परत येतात. मग गाडी सुरू झाली बोलण्याची. त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत हिवाळा इथे एक्स्त्रेमादुरात आणि उन्हाळा वर लेऑनच्या डोंगरात, आम्ही रविवारी ज्या बाजूने उतरलो तिथे. आता बहुतेक कळप ट्रकने जातात, चालत नेणारे थोडे उरलेत.

ज्या वाटेने जायचे त्या वाटांना कान्यादा रेआल म्हणतात आणि कायद्याने त्यांची रुंदी ९० व्हारा, म्हणजे सुमारे ७५ मीटर. १२७३ मध्ये राजा अल्फोन्सो दहावा याने मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेला सनद दिली, त्या वाटा कुणी नांगरायच्या नाहीत, कुंपण घालायचं नाही. मेस्ता १८३६ मध्ये संपली, पण १९९५ च्या कायद्याने या वाटा आजही सार्वजनिक मालकीच्या आहेत. ऋतूप्रमाणे कळप हलवण्याची ही परंपरा २०२३ मध्ये स्पेनसकट दहा देशांच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली. अण्णांना हे ऐकून पहिल्यांदा खरंच वाटेना. ७५ मीटर रुंद वाट, फक्त मेंढरांसाठी, आणि तिच्यावर कुणाचा सातबारा नाही! आपल्याकडे धनगरांना दरवर्षी नव्या कंपाउंडांमधून, हायवेच्या कडेने, गाड्यांचे हॉर्न ऐकत कळप काढावे लागतात.

मग अण्णांनी विचारलं, शेतात मेंढ्या बसवता का. तर हो, रात्री जाळीच्या वाड्यात कळप ठेवून रोज वाडा पुढे सरकवत शेताला खत द्यायची पद्धत त्यांच्याकडेही होती. दोघंही हाताने दाखवत होते, वाडा एवढा, रोज एवढा सरकवायचा, नणंदेला मध्ये भाषांतर करायची गरजच राहिली नाही.

पुढे कासार दे कासेरेस गावात तोर्ता देल कासार घेतलं. मेंढीच्या कच्च्या दुधाचं चीज, वरचं साल कापलं की आत जवळजवळ पातळ, चमच्याने खायचं, किंचित कडसर. आणि हे दूध विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट न वापरता एका काटेरी रानफुलाचे तुरे वापरतात, म्हणजे अण्णांनाही चाललं. त्यांनी ब्रेडबरोबर निम्मं संपवलं.

कासेरेसचं जुनं शहर १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बुरूज, वाडे, प्रत्येक उंच जागी करकोच्याचं घरटं. रात्री फिरा, दिवसा नाही.

शनिवार, मेरिदा

रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं शहर. थिएटर, सर्कस म्हणजे रथांच्या शर्यतींचं मैदान, ग्वादियाना नदीवरचा जवळपास ८०० मीटरचा रोमन पूल, हे सगळं बघाच. पण शहरापासून थोड्या अंतरावरचं प्रोसेर्पिनाचं धरण सोडू नका. रोमन काळातलं मानलं जातं, ४०० मीटरहून लांब दगडी भिंत, मागे मातीचा भराव, आणि आजही पाणी धरून आहे. इथून लोस मिलाग्रोसच्या उंच जलवाहिनीवरून पाणी शहरात जायचं, आता तिच्या उरलेल्या खांबांवर करकोचे राहतात. आम्ही भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, अण्णा मधे मधे खाली वाकून दगडांचे सांधे बघत होते.

रविवार, सिएर्रा मोरेना ओलांडून सेविया

साफ्रा, मोनेस्तेरिओ, मग डोंगर. साफ्राला शरद ऋतूत जनावरांचा मोठा बाजार भरतो, आम्हाला गावच बघायला मिळालं. इथून बुचाची झाडं वाढतात. खोडाची साल खालून वरपर्यंत काढलेली, आत लालसर तांबडं खोड, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. साल कोणत्या वर्षी काढली त्याचा तो शेवटचा आकडा, कारण पुन्हा साल काढायला निदान ९ वर्षं थांबावं लागतं. कडेला जारा नावाच्या झुडपाची पांढरी फुलं, पानांना चिकट डिंकाचा वास.

सेवियाच्या अलीकडे इतालिका, हे रोमन शहराचे अवशेष, इथे रोमन सम्राट ट्राजान जन्मला. सोमवारी बंद असतं म्हणून रविवारीच बघितलं. सेवियात पालक-चण्याची भाजी मिळते, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिरं आणि लसूण घातलेली, अण्णांनी दोन वाट्या घेतल्या.

गाडी सोमवारी सकाळी परत केली. आत शहरात जाऊ नका गाडी घेऊन, जुन्या भागात गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंग मिळत नाही, एअरपोर्टला किंवा स्टेशनला सोडा.

दिवस कमी असतील तर शहरं कापा, रान कापू नका. सालामांका आणि सेविया पुन्हा कधीही ट्रेनने होतात. पाहारेस, व्हियाफाफिला, हेर्ते, मोन्फ्राग्वे आणि कासेरेसच्या अलीकडचं पठार एवढं ठेवलं तरी ट्रिप पूर्ण होते. जुलै-ऑगस्टमध्ये एक्स्त्रेमादुरात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा नको. एप्रिल नाही जमलं तर नोव्हेंबर धरा, चेरी नसेल पण ओकची फळं पडत असतात, डुकरं रानात असतात आणि उत्तरेकडून कळप खाली आलेले असतात. अण्णांनी नणंदेला नोव्हेंबरचं विमान बघायला सांगून ठेवलंय.